फायबरच्या होडीची धुलाई आणि निगा

जून महिना उजाडला की कोकणच्या बंदरांचे रूप पालटते. अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस लहानमोठ्या होड्या भरतीच्या पाण्याबरोबर वर ओढून घेतल्या जातात आणि पुळणीवर किंवा खाडीच्या काठी माडांच्या आडोशाला त्यांच्या रांगा लागतात. लाकडी होड्यांवर नारळाच्या झापांचे छप्पर घालून त्या शाकारून ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या रांगांमध्ये आता पांढऱ्या, निळ्या रंगांच्या फायबरच्या होड्याही मोठ्या संख्येने दिसतात. मात्र त्यांपैकी पुष्कळशा उघड्याच पडलेल्या असतात. लाकडी होडीची काळजी घेणारा तोच तांडेल फायबरच्या होडीविषयी निर्धास्त असतो. “फायबरला काय होते?” असा त्याचा सवाल असतो.

हा सवाल अगदीच निराधार नाही. फायबर कुजत नाही, गंजत नाही आणि लाकूड पोखरणारे सागरी कृमी त्याला लागत नाहीत. तथापि, ‘कुजत नाही’ याचा अर्थ ‘निगा लागत नाही’ असा घेतला गेला आणि तेथेच चूक झाली. कर्ज काढून घेतलेली होडी कर्ज फिटेपर्यंत आणि त्यानंतरही अनेक वर्षे कुटुंबाला पोसणार की मध्येच निकामी होणार, हे बऱ्याच अंशी तिच्या बाहेरील पृष्ठभागाच्या निगेवर अवलंबून असते. या निगेची सुरुवात धुण्यापासून होते आणि चुकीच्या पद्धतीने धुण्यामुळेच अनेकदा तिची हानीही होते.

अर्ध्या मिलिमीटरचे कवच

ज्याला बोलण्यात ‘फायबर’ म्हटले जाते, ते वास्तविक दोन पदार्थांचे मिश्रण होय. काचेचे अतिशय बारीक तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन हे ते दोन पदार्थ. तंतू बळ देतात, रेझिन आकार देते. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळईचे जे काम, ते येथे काचतंतूंचे. काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाले आणि १९४० च्या दशकात तेथे या मिश्रणापासून नावा तयार होऊ लागल्या. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १९७९ मध्ये मद्रास येथून सुरू झालेल्या बंगालचा उपसागर कार्यक्रमाने लाटांतून थेट किनाऱ्यावर येऊ शकणाऱ्या फायबरच्या होड्यांचे प्रयोग केले. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा होड्या फार मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. कोकणात चांगले इमारती लाकूड महाग व दुर्मीळ होत गेले, तसतशी आउटबोर्ड इंजिनावर चालणारी हलकी फायबरची होडी कोळी, गाबीत, खारवी, दालदी आदी समाजांतील लहान मच्छीमारांच्या अंगवळणी पडली.

अशी होडी साच्यात घडवली जाते. साच्याच्या आतील बाजूला प्रथम रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनचा एक थर दिला जातो. यालाच जेलकोट म्हणतात. तो घट्ट होऊ लागल्यावर त्यावर काचतंतूंची मॅट व विणलेले कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवले जातात. होडी साच्यातून बाहेर काढली की सर्वांत आधी दिलेला जेलकोट सर्वांत बाहेर येतो. होडीची चकाकी आणि रंग या जेलकोटचेच असतात. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. आतील काचतंतूंपर्यंत पाणी पोहोचू न देण्याची मुख्य जबाबदारी या अर्ध्या मिलिमीटरवर असते.

येथे रंग आणि जेलकोट यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. लाकडी होडीचा रंग खरवडून काढला तरी खाली लाकूड शाबूत असते आणि पुन्हा रंगाचा हात देता येतो. जेलकोट खरवडला गेला की गेला. तो पुन्हा बसवणे कौशल्याचे व खर्चाचे काम आहे. तारेच्या ब्रशने जोर लावून तळ घासणारा मालक मेहनती खरा, परंतु दरवर्षी तो आपल्या होडीचे कवच थोडे थोडे उतरवून टाकीत असतो.

ऊन, पाणी आणि माणसाचा हात

जेलकोटला तीन गोष्टींपासून धोका असतो. पहिली म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पृष्ठभागावरील रेझिन हळूहळू विघटित होते आणि रंगद्रव्य सुटे होऊन भुकटीच्या रूपाने वर राहते. जुन्या होडीवर हात फिरवला असता तळव्याला पांढुरकी पूड लागते, ती हीच. ही पूड म्हणजे मळ नव्हे, तर झिजलेले कवच होय.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. जेलकोट पूर्णपणे जलाभेद्य नसतो. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या होडीत पाण्याची वाफ अतिसूक्ष्म प्रमाणात आत शिरते व रेझिनमधील विद्राव्य अंशांशी मिसळून तेथे एक आम्लधर्मी द्रव तयार करते. मग शाळेत शिकवले जाणारे परासरण सुरू होते. बाहेरचे पाणी या दाट द्रवाकडे ओढले जाते, दाब वाढतो आणि जेलकोटवर फोड येतात. असा फोड फुटला तर त्यातून निघणाऱ्या पाण्याला बहुधा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. यात एक गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी या बाबतीत अधिक त्रासदायक असते, कारण आतील द्रव व बाहेरील पाणी यांच्या दाटपणातील तफावत गोड्या पाण्यात जास्त असते. पावसाळ्यात होडी ठेवण्याच्या संदर्भात या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

तिसरी गोष्ट माणसाचा हात. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, भांडी घासण्याची खरबरीत पावडर, वाळू, राख, तारेचा ब्रश, लोखंडी पत्रा, जाड पॉलिश पेपर हे सर्व फायबरच्या होडीवर वापरले जाताना दिसतात. कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र अल्कधर्मी पदार्थ पॉलिएस्टरची रासायनिक बांधणीच तोडतात. खरबरीत पदार्थ पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म चरे पाडतात आणि या चऱ्यांत पुढल्या वेळी मळ अधिक घट्ट बसतो. मग तो काढण्यासाठी आणखी जोर लावला जातो. काथ्याची घासणी लाकडाला उत्तम, परंतु तिच्यात वाळूचे कण अडकून राहतात. त्यामुळे फायबरवर ती न वापरणे बरे.

किनाऱ्यावरील शाळांतील शिक्षकांना हा मुद्दा वर्गात सहज दाखवता येईल. मोडीत निघालेल्या होडीचा गुळगुळीत तुकडा घेऊन त्याच्या अर्ध्या भागावर घासणीची पावडर चोळावी व दोन्ही भागांवर शाईचे थेंब टाकून काही वेळाने पुसावेत. गुळगुळीत भागावरील शाई बहुतांशी निघून जाते, घासलेल्या भागात ती धरून राहते. तुकड्याच्या कापलेल्या कडांतून काचतंतू टोचतात. म्हणून तो कापडात गुंडाळूनच मुलांसमोर आणावा.

धुण्याची रीत

धुण्यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे आहे. दोन बादल्या, मऊ सुती कापड किंवा स्पंज, मऊ केसांचा ब्रश आणि भांडी धुण्याचा सौम्य द्रव साबण एवढे पुरेसे होते. अर्ध्या बादली पाण्याला दोन चमचे साबण पुरतो. यापेक्षा जास्त साबणाने होडी अधिक स्वच्छ होत नाही. फक्त तो धुऊन काढण्यास पाणी अधिक लागते.

काम सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी करावे. तापलेल्या पृष्ठभागावर साबण पाहता पाहता वाळतो आणि त्याचे पट्टे उठतात. सर्वप्रथम नुसत्या गोड्या पाण्याने होडी वरपासून खालपर्यंत भिजवून वाळू व मीठ वाहून जाऊ द्यावे. ही पायरी गाळण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. वाळू अंगावर असताना कापड फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच होय. त्यानंतर साबणाच्या पाण्यात कापड बुडवून एकेक हातभर भाग धुवावा. उभ्या बाजूंवर साबण लावताना खालून वर जावे. वरून खाली जाणारे मळकट ओघळ कोरड्या भागावर पडले की त्यांच्या रेघा राहतात. प्रत्येक भाग धुतल्यावर कापड दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्यात खळबळून मगच साबणाच्या बादलीत बुडवावे. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेली वाळू पाहिली म्हणजे दोन बादल्या कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. धुतलेला भाग साबण वाळण्यापूर्वीच गोड्या पाण्याने स्वच्छ करावा, हा क्रम मात्र वरून खाली असावा. शेवटी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. बोळे, कड्या व स्क्रू यांच्या भोवती पाणी साचून राहणार नाही, हे पाहावे.

कोकणात पाऊस मुबलक असला तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावांत पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. अशा वेळी होडी धुण्यासाठी विहिरीवर ताण आणणे कोणालाच रुचणार नाही. वरील पद्धतीने मध्यम आकाराची होडी आठ-दहा बादल्या पाण्यात धुऊन होते. तेवढेही पाणी नसेल तर मुख्य धुलाई पहिल्या पावसापर्यंत लांबवण्यास हरकत नाही. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पोहोचतो. त्या पावसाने वाळू व मीठ आपोआप सुटते आणि पन्हळीखाली धरलेले पाणी साबण धुऊन काढण्यास उपयोगी पडते. हंगामाच्या दिवसांत दररोज साबणाची गरज नसते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा हात फिरवला तरी चालते.

काही बंदरांवर दाबाच्या पाण्याने नौका धुण्याची यंत्रे आली आहेत. सुस्थितीतील पृष्ठभागावर ती वापरता येतात. मात्र नळीचे तोंड फार जवळ धरू नये आणि तडा, फोड किंवा उचकटलेली कड असेल तेथे हा झोत मुळीच मारू नये. अशा ठिकाणी तो मळ काढण्याऐवजी पाणी थरांच्या आत घुसवतो.

तळाला चिकटलेले जीव

पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीच्या तळाला प्रथम बुळबुळीत शेवाळ येते. त्यावर कालवांची पिल्ले आणि खडकावर दिसतात तसे टोकदार पांढऱ्या कवचाचे बार्नेकल बसतात. त्यांच्यामुळे होडीचा वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. त्यामुळे ते काढणे आवश्यकच आहे. येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. होडी पाण्याबाहेर येताच, तळ ओला असतानाच हे काम करावे. शेवाळ ओले असताना कापडाने निघते. एकदा उन्हात वाळले की ते चामड्यासारखे चिकटते. बार्नेकलचेही तसेच. होडी वर ओढून दोन दिवसांनी तळ खरवडायला घेणारा मच्छीमार स्वतःचे काम दुप्पट करतो आणि जेलकोटवरचे ओरखडेही वाढवतो.

खरवडण्यासाठी लोखंडी पत्र्याऐवजी लाकडाची किंवा कडक प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरावी व ती पृष्ठभागाला जवळजवळ आडवी धरावी. बार्नेकलचे कवच निघाल्यावर मागे त्याची चकतीसारखी बैठक राहते. ती एकाच दमात काढण्याचा हट्ट धरू नये. ओले पोते काही तास त्यावर टाकून ठेवावे आणि पुन्हा पट्टी चालवावी. थोडीशी बैठक राहिली तरी बिघडत नाही. जेलकोटला खड्डा पडणे अधिक वाईट.

या बैठका घालवण्यासाठी काही ठिकाणी फरशी साफ करण्याचे आम्ल वापरले जाते. ते काम करते, पण त्वचा व डोळे यांना घातक असते आणि होडीवरील जस्ताचा मुलामा दिलेले भाग खाऊन टाकते. याहून गंभीर बाब म्हणजे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बुरशीसाठी ब्लीचिंगचे पाणी आणि कवचांसाठी आम्ल, अशी दोन्ही कामे एकाच दिवशी एकाच होडीवर करण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. छपराखाली किंवा बंद शेडमध्ये तर मुळीच नाही.

तळाला जीव बसू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावला जातो. कथिलाचे संयुग असलेले जुन्या पद्धतीचे रंग शिंपल्या-कालवांना इतके घातक ठरले की त्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला व २००८ पासून तो अमलात आला. तांब्याचा रंगही निरुपद्रवी नव्हे. तो कोरडा घासू नये. वॉटर पेपरने, पाणी लावून घासावा आणि खाली पडणारा गाळ ताडपत्रीवर गोळा करावा. खाडीत जेथे गावातील स्त्रिया कालवे व शिंपल्या वेचतात, त्या भागाजवळ हे काम होणार नाही यासाठी ग्रामपंचायतीने होड्या धुण्या-घासण्याची जागा ठरवून दिल्यास पुष्कळ प्रश्न सुटतील. ही जागा विहिरीपासूनही दूर असावी.

डाग आणि मेण

डाग काढताना सौम्य उपायाकडून तीव्र उपायाकडे जाण्याचा नियम पाळावा. इंजिनाचे तेल व वंगण साबणाने निघते. डांबराचा ठिपका टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून लगेच साबणाने धुवावा. रंगाच्या दुकानातील थिनर अथवा ॲसिटोन भिजवून ठेवू नये, कारण त्याने पृष्ठभाग मऊ पडतो. लोखंडी खिळ्यांच्या गंजाचे तपकिरी ओघळ आणि खाडीच्या पाण्याने पडणारी चहासारखी छटा ऑक्झॅलिक आम्लाच्या विरल द्रावणाने जाते. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे वापरणे, उरलेले द्रावण मुलांच्या व गुरांच्या वाटेत न ठेवणे आणि नंतर भरपूर पाण्याने धुणे या गोष्टी ओघानेच येतात.

पृष्ठभागावर पांढरी भुकटी धरली असेल तर बारीक रबिंग कंपाउंडने चकाकी परत येते. परंतु प्रत्येक वेळी कवचाचा थोडा भाग त्यात खर्ची पडतो. नवी होडी विकणारा हा उपाय सुचवणार नाही आणि जुनी होडी विकणारा तो हमखास करतो, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

स्वच्छ व पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेषेच्या वर वर्षातून दोन वेळा मेणाचा हात दिल्यास उन्हाचा मारा पुष्कळ अंशी मेण सोसते. मेण टिकून आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे पाण्याचे थेंब. ते मोत्यासारखे गोल राहिले तर मेण आहे, पसरले तर पुन्हा लावण्याची वेळ आली. सिलिकोनयुक्त चकाकी देणारे द्रव मात्र टाळावेत. त्यांचा अंश राहिला की पुढे तेथे रंग वा दुरुस्तीचे रेझिन नीट धरत नाही.

पावसाळ्यातील मुक्काम

कोकणातील फायबरच्या होडीचे सर्वाधिक नुकसान ती पाण्यात असताना होते की जमिनीवर असताना, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर सहसा चुकीचे दिले जाते. दोन महिने उघड्यावर पडलेल्या होडीत पावसाचे पाणी साचते. आतील बाजूस बहुधा जेलकोट नसतो. तेथे नुसता रेझिनचा किंवा रंगाचा हात दिलेला असतो. वर सांगितल्याप्रमाणे गोडे पाणी शिरण्यास अधिक तत्पर. बाहेरून चकचकीत ठेवलेली होडी आतून दोन महिने गोड्या पाण्यात भिजत असेल, तर त्या चकाकीला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून होडी वर ओढली की तळाचे बूच काढून ठेवावे आणि नाळ थोडी उंच राहील अशी होडी टेकवावी, म्हणजे पाणी मागील बाजूने निघून जाईल. बुचाचे भोक पाने व वाळूने बुजते, तेव्हा आठवड्याला एक काडी त्यातून फिरवण्याचे काम घरातील मुलावर सोपवावे. साचलेल्या पाण्याचे वजनही कमी नसते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो. एवढा भार एखाद्या टोकदार दगडावर टेकलेल्या तळाने सोसावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. असा दगड ज्या ठिकाणी लागतो, तेथे जेलकोटवर चांदणीच्या आकाराचे बारीक तडे उमटतात. दगडांऐवजी वाळूची पोती किंवा जुने टायर रुंद बैठक मिळेल असे ठेवावेत.

लाकडी होडीप्रमाणे फायबरची होडीही शाकारावी. झाप किंवा ताडपत्री यांपैकी काहीही चालते. मात्र ताडपत्री होडीच्या अंगाला घट्ट बांधू नये. तिच्याखाली दमटपणा कोंडतो, बुरशी येते आणि वाऱ्याने फडफडणारी कड जेलकोट घासून काढते. बांबूची कमान करून तिच्यावर ती टाकल्यास हवा खेळती राहते.

या काळात आउटबोर्ड इंजिन उतरवलेले असते. त्याच वेळी इंजिन बसवण्याची मागील फळी तपासावी. पुष्कळ होड्यांत या फळीच्या आत प्लायवुड असून त्यावर फायबर चढवलेले असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले तर बाहेरून धडधाकट दिसणारी फळी आतून कुजते आणि भर समुद्रात इंजिनाचा भार घेण्याच्या वेळी दगा देते. बोटाच्या सांध्याने किंवा नाण्याने ठोकून पाहिल्यास खणखणीत आवाज येणारी जागा निरोगी आणि बद्द आवाज येणारी जागा संशयास्पद समजावी. थर सुटलेली तळाची जागाही याच रीतीने सापडते. ज्या लाकडी नौकांवर फायबरचे अस्तर चढवलेले आहे, त्यांची ही तपासणी अधिक कसोशीने करावी लागते. अस्तरामागे गेलेले पाणी बाहेर येत नाही आणि लाकूड नजरेआड कुजत राहते.

ओरखडे व दुरुस्ती

होडी धुताना तिच्या अंगावरून हात फिरतो, आणि धुण्याचा एक मोठा लाभ हाच की प्रत्येक ओरखडा हाताला लागतो. ओरखड्याच्या तळाशी रंग दिसत असेल तर घाई नाही. तेथे काचतंतूंची जाळी दिसू लागली असेल, तर ती जागा उघडी ठेवून होडी पाण्यात घालणे धोक्याचे. तंतूंच्या कडेने पाणी आत ओढले जाते. हंगाम चालू असेल तर जागा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून एम-सीलसारखी इपॉक्सी लुकण भरून काम भागवता येते. मात्र इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नसल्याने कायमच्या दुरुस्तीच्या वेळी ही लुकण पूर्ण काढून टाकावी लागते. जखमेवर डांबर फासण्याचा जुना रिवाज येथे उपयोगाचा नाही. त्याने तडा झाकला जातो, एवढेच.

कायमची दुरुस्ती जाणकार कारागिराकडून करून घेणे उत्तम. स्वतः करणाऱ्याने दोन गोष्टी विसरू नयेत. रेझिन घट्ट करण्यासाठी वापरला जाणारा कॅटलिस्ट हा पेरॉक्साइड वर्गातील पदार्थ असून त्याचा एक थेंबही डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. असे घडल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने डोळा धुवून तत्काळ दवाखाना गाठावा. तसेच कॅटलिस्ट आणि कोबाल्टयुक्त ॲक्सिलरेटर हे एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे घालावे. फायबर घासताना उडणारी धूळ कातडीला खाज आणते व श्वासावाटे आत जाते. यासाठी रुमालाऐवजी धुळीचा योग्य मास्क लावावा आणि पाणी लावून घासावे.

योग्य निगा राखल्यास हा पदार्थ किती टिकतो, याचे उदाहरण समुद्रापासून दूर सापडते. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये बोलर नावाची फायबरग्लासची छोटी प्रवासी घर-गाडी तयार होऊ लागली. मोटारीच्या मागे जोडण्याच्या या गाडीचे अंग वरचा व खालचा असे दोन साचेबंद भाग जोडून बनवलेले होते. त्या काळच्या अनेक गाड्या अर्धशतकानंतरही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे हौशी मालक त्या सौम्य साबणाने धुतात व मेण लावतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. फायबरचे अंग असलेल्या गाड्या, तसेच अनेक गावांतील फायबरच्या पाण्याच्या टाक्या यांनाही बाह्य निगेचे हेच नियम लागू पडतात. त्यांना बार्नेकल लागत नाहीत, पण छपरावरचे ऊन होडीपेक्षाही कडक असते.

मोडीत निघालेल्या होड्या

फायबर कुजत नाही, या गुणाची दुसरी बाजू ग्रामपंचायतींच्या वाट्याला येते. निकामी झालेली होडी किनाऱ्यावर वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. तिचे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळवता येत नाही. उन्हाने भुरभुरीत झालेले तिचे तुकडे व तंतू वाळूत मिसळतात. ती जाळण्याचा मार्ग तर सर्वांत वाईट, कारण तिचा काळा धूर अपायकारक असतो आणि काचतंतू जळत नाहीत. युरोपात काही ठिकाणी असा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन व कच्चा माल म्हणून वापरला जातो. गावपातळीवर निदान अशा होड्यांची नोंद ठेवणे आणि त्या भरतीच्या रेषेबाहेर एका ठिकाणी गोळा करणे शक्य आहे. होडी जितकी वर्षे चालेल, तितकी वर्षे हा प्रश्न लांबतो, हेही खरे.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्याकडे निघतात. त्यापूर्वी एक दिवस कोरडा मिळाला तर होडी पुसून मेणाचा हात द्यावा, तळावरचा रंग पाहावा आणि ओढताना तळ जेथे घासतो तेथे बसवलेली जादा थराची पट्टी झिजली आहे का, ते तपासावे. ओंडक्यांवरून नेताना ओंडक्यांना चिकटलेली वाळू झाडून घ्यावी. आणि दोन महिने घरात खुंटीला टांगलेले तळाचे बूच होडी लाटेला लागण्यापूर्वी जागच्या जागी घट्ट बसवावे.